डिजिटल दरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंटरनेट, फोन आणि संगणक काहींच्या हाती आणि काहींच्या आवाक्याबाहेर, असं का होतं याबद्दल लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डिजिटल दरी म्हणजे काय? इंटरनेट नसणं एवढंच ना?

तेवढंच नाही. हातात फोन आहे पण डेटा नाही, डेटा आहे पण फॉर्म भरता येत नाही, फॉर्म भरता येतो पण तो आपल्या भाषेत नाही, ही सगळी तिचीच रूपं आहेत. आणि ही दरी इंटरनेटच्या आधीपासूनची आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने (आयटीयूने) नेमलेल्या सर डोनाल्ड मेटलंड यांच्या आयोगाने १९८५ च्या सुरुवातीला जगापुढे एक गोष्ट मांडली: एकट्या टोकियो शहरात जेवढे टेलिफोन आहेत, तेवढे अख्ख्या आफ्रिका खंडात नाहीत. पुढच्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येक माणसाला टेलिफोन सहज गाठता यावा, असं उद्दिष्ट आयोगाने ठेवलं. टेलिफोनपुरतं ते काम मोबाइलने बरंचसं केलं. पण तोवर शिक्षण, बँक आणि सरकारी कामं इंटरनेटवर गेली होती.

२. आज जगात किती लोक इंटरनेटपासून दूर आहेत?

आयटीयूच्या २०२४ च्या अंदाजानुसार सुमारे २६० कोटी, म्हणजे जगातल्या दर तीन माणसांमागे जवळजवळ एक. श्रीमंत देशांत ९३ टक्के लोक इंटरनेट वापरतात, तर सर्वांत गरीब देशांच्या गटात २७ टक्के. शहरी भागात ८३ टक्के, ग्रामीण भागात ४८. हे आकडे वाचताना एक लक्षात ठेवावं की ‘वापरतो’ म्हणजे गेल्या तीन महिन्यांत एकदा तरी वापरलं. शेजाऱ्याच्या फोनवर एकदा व्हिडिओ कॉल केलेली व्यक्तीही या हिशेबात ‘ऑनलाइन’ धरली जाऊ शकते. म्हणून प्रत्यक्षातली वंचितता या आकड्यांपेक्षा मोठी आहे, असं मी मानतो.

३. गावात टॉवर आहे, रेंज आहे. मग लोक इंटरनेट का वापरत नाहीत?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि चर्चा मात्र टॉवरवरच अडते. मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना जीएसएमए हिचा २०२३ अखेरचा हिशेब पाहा. जगातल्या जेमतेम ४ टक्के लोकांच्या भागात मोबाइल इंटरनेटचं नेटवर्कच नाही. नेटवर्क असूनही ते न वापरणारे मात्र ३९ टक्के आहेत, म्हणजे ३०० कोटींहून जास्त माणसं. (हा हिशेब फक्त मोबाइल इंटरनेटचा आणि वेगळ्या संस्थेचा आहे, म्हणून तो प्रश्न २ मधल्या २६० कोटींशी जुळत नाही.) रेंजमध्ये राहूनही बाहेर राहिलेल्यांची संख्या रेंजबाहेरच्यांच्या कितीतरी पट आहे.

सर्वांत मोठा अडसर फोनच्या किमतीचा. रिचार्ज थोडं थोडं करता येतं, फोन मात्र एकदम घ्यावा लागतो. रोजंदारीवर जगणाऱ्याकडे ती रक्कम एकरकमी कधी जमतच नाही, आणि पगाराची पावती नसल्याने हप्त्यावरही कुणी देत नाही. घेतलेला फोन दोन-तीन वर्षांत जुना होतो, स्टोरेज भरतं, बँकेचं ॲप ‘तुमचा फोन चालणार नाही’ म्हणतं, आणि इंटरनेटवर आलेला माणूस पुन्हा बाहेर फेकला जातो. असे बाहेर पडलेले लोक आकडेवारीत फारसे दिसत नाहीत.

मग वीज. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत सुमारे ६० कोटी लोकांच्या घरात वीज नाही. त्यांना फोन चार्ज करायला पैसे देऊन दुसरीकडे जावं लागतं, म्हणजे डेटाच्या खर्चात चार्जिंगचा खर्च मिळवावा लागतो. आणि वाचता न येणं, फसवणुकीची भीती, ‘चुकून काही दाबलं आणि पैसे गेले तर?’ ही धास्ती. ही धास्ती अडाणीपणाची नव्हे. ज्याच्या खात्यात फार थोडं असतं, त्याला एक चूकही परवडत नाही.

४. डेटा ‘परवडतो’ हे ठरवायचं कसं?

संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०१८ मध्ये एक मापदंड ठरवला: प्राथमिक ब्रॉडबँड सेवेचा महिन्याचा खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांहून कमी असावा. देशादेशांची तुलना करायला तो ठीक आहे. पण यातलं दरडोई उत्पन्न सरासरीचं असतं. विषमता जास्त असलेल्या देशात सरासरी वर चढते आणि तळातल्या माणसासाठी तोच पॅक त्याच्या कमाईच्या दहा टक्क्यांवरही जाऊ शकतो. देश ‘परवडणाऱ्या’ यादीत असणं आणि त्या देशातल्या शेतमजूर बाईला डेटा परवडणं, या वेगळ्या गोष्टी आहेत.

५. गरीब देशांत इंटरनेट महाग का असतं? तंत्रज्ञान तर सगळीकडे तेच आहे.

तंत्रज्ञान तेच असलं तरी वाट वेगळी असते. देशादेशांमधला इंटरनेटचा जवळपास सगळा व्यवहार समुद्राखालच्या केबलमधून चालतो. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर २००९ पर्यंत अशी मोठी केबल पोचलीच नव्हती. त्या वर्षी सीकॉम आणि टीम्स या केबल आल्या, तोवर केनिया-युगांडासारखे देश महागड्या उपग्रहांवर अवलंबून होते. ज्यांना समुद्रकिनाराच नाही अशा ३२ विकसनशील देशांना तर शेजाऱ्याच्या जमिनीवरून फायबर आणावी लागते, आणि शेजारी त्याचं भाडं लावतो.

केबल एकच असेल तर ती तुटली की सगळं थांबतं. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळ समुद्रात ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि देशाची एकमेव आंतरराष्ट्रीय केबल तुटली. ती जोडायला सुमारे पाच आठवडे लागले. मार्च २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत एकाच वेळी चार केबल तुटल्या आणि अनेक देशांतल्या बँका आणि व्यवहार अडखळले.

आणखी एक कारण सहसा सांगितलं जात नाही. देशातल्या देशात पाठवलेला ईमेलही कधीकधी परदेशातून फिरून येतो, कारण स्थानिक कंपन्यांची नेटवर्कं एकमेकांना जोडणारं केंद्र देशात नसतं. त्या फेरीचे पैसे परकीय चलनात मोजावे लागतात. केनियात असं केंद्र २००० च्या अखेरीस सुरू झालं, तर मक्तेदार टेलिफोन कंपनीच्या तक्रारीवरून नियामकाने ते बंद पाडलं. २००२ मध्ये ते पुन्हा उघडलं.

मक्तेदारी हे तर किमतीचं मोठं कारण आहेच. म्यानमारमध्ये एकेकाळी एका सिमकार्डाला शेकडो डॉलर पडत. २०१४ मध्ये दोन परदेशी कंपन्या बाजारात उतरल्या आणि तेच सिम सुमारे दीड डॉलरला मिळू लागलं. सिमकार्डाच्या प्लास्टिकमध्ये काहीच बदललं नव्हतं. बदलला होता तो परवाना.

६. विकसनशील देश मधल्या पायऱ्या गाळून थेट पुढे जातात, असं म्हणतात. ते खरं आहे?

काही बाबतींत खरं आहे. केनियात मार्च २००७ मध्ये एम-पेसा सुरू झालं. शहरात राबणारा माणूस बँकेत खातं नसताना गावी फोनवरून पैसे पाठवू लागला. पण ते चाललं कशामुळे, हे बघायला हवं. त्याला इंटरनेट लागत नव्हतं, साधा बटणांचा फोन पुरत होता. आणि गावोगावी रोख रक्कम देणारे-घेणारे एजंट होते. म्हणजे यश तंत्रज्ञानाच्या इतकंच माणसांच्या जाळ्याचं होतं. अनेक देशांनी ॲपची नक्कल केली, एजंटांचं जाळं उभं केलं नाही, आणि मग त्यांना ते जमलं नाही.

शिवाय सगळ्याच पायऱ्या गाळता येत नाहीत. मोबाइल टॉवरला मागून फायबर लागते, टॉवरला वीज लागते, वापरणाऱ्याला वाचता यावं लागतं.

७. मोबाइलवर सगळं होतं. संगणक नसला म्हणून काय बिघडलं?

बघायला मोबाइल पुरतो, घडवायला अपुरा पडतो. दहा पानांचा अहवाल, हिशेबाचा तक्ता, नोकरीचा लांबलचक अर्ज, प्रोग्रामिंग शिकणं हे चार बोटं रुंदीच्या पडद्यावर करून पाहा. ज्या मुलाला आयुष्यात फक्त फोन मिळाला, तो इंटरनेटचा ग्राहक होतो, पण त्यावर कमावणारा व्हायला त्याला फार झगडावं लागतं.

८. महिलांचा प्रश्न वेगळा का मोजायचा? फोन घरात आला म्हणजे सगळ्यांनाच आला ना?

घरात आलेला फोन बहुधा एका माणसाच्या खिशात असतो. भारतातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्के आढळल्या. कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या आणि पुरुष ५७ टक्के. घर तेच, रेंज तीच, तरीही एवढं अंतर.

यामागे पैसा असतो तसा पहाराही असतो. मुलगी कुणाशी बोलते, सुनेच्या फोनमध्ये काय आहे, पासवर्ड कुणाला माहीत आहे हे घर ठरवतं. बाई रात्री सगळी कामं उरकल्यावर नवऱ्याचा फोन मागून घेते, तेव्हा ती त्यावर डॉक्टरांचा सल्ला शोधेल पण घरातल्या मारहाणीबद्दल मदत शोधणार नाही. म्हणून सर्वेक्षणात ‘घरात फोन आहे का?’ एवढंच विचारून थांबू नये. तो कुणाच्या नावावर आहे आणि कुणाला न विचारता वापरता येतो, हेही विचारलं पाहिजे.

९. आता सगळ्या भाषांत टाइप करता येतं. मग भाषेचा अडथळा राहिला कुठे?

युनिकोडमुळे, म्हणजे सगळ्या लिपींची अक्षरं संगणकावर दाखवणाऱ्या सामाईक पद्धतीमुळे, लिपीचा प्रश्न बराच सुटला, मजकुराचा नाही. जगात सुमारे ७,००० भाषा बोलल्या जातात आणि वेबसाइटांपैकी जवळपास निम्म्या एकट्या इंग्रजीत आहेत. आपल्या भाषेत पीकसल्ला, कायदेशीर माहिती, औषधाच्या सूचना नसतील, तर इंटरनेट हे केवळ करमणुकीचं साधन उरतं. सरकारी संकेतस्थळांवर मुखपृष्ठ स्थानिक भाषेत आणि आतला फॉर्म इंग्रजीत, हा प्रकार तर सर्रास दिसतो.

१०. प्रत्येक मुलाला लॅपटॉप किंवा टॅबलेट वाटला तर?

हे करून पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले संगणकतज्ज्ञ निकोलस नेग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. पेरू देशाने त्यातून आठ लाखांहून जास्त लॅपटॉप घेतले. आंतर-अमेरिकी विकास बँकेने तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांत रीतसर तुलना केली. २०१२ मध्ये निष्कर्ष आला: संगणकाचा वापर वाढला, पण गणित आणि भाषेच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं, आणि लॅपटॉप धड्यात कसा गुंफायचा याचं शिक्षकांना पुरेसं प्रशिक्षण नव्हतं.

यावरून ‘मुलांना यंत्रं देऊच नका’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. कोरोनाकाळात शाळा बंद होत्या, तेव्हा युनिसेफ आणि आयटीयूने २०२० मध्ये सांगितलं की ३ ते १७ वयाच्या सुमारे १३० कोटी मुलांच्या घरी इंटरनेट नाही. त्या मुलांची शाळा खरोखरच थांबली. यंत्र द्यावंच, पण त्याच अंदाजपत्रकात शिक्षकाचं प्रशिक्षण, दुरुस्ती आणि जोडणी यांचा खर्च धरावा. वाटपाचा फोटो काढून झाला की योजना संपते, हे थांबायला हवं.

११. प्रत्येक घरात शक्य नसेल तर गावात एक सामाईक केंद्र का नको?

चांगला मार्ग आहे, अट एवढीच की ते केंद्र लोकांच्या खऱ्या गरजेवर उभं हवं. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या वारणा परिसरातल्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रं सुरू झाली. शेतीविषयक माहितीपासून सरकारी दाखल्यांपर्यंत बरंच काही योजलेलं होतं. प्रत्यक्षात शेतकरी येत ते मुख्यतः उसाचं वजन, खतं आणि पैसे यांचा हिशेब पाहायला. पुढे काही गावांत प्रयोग म्हणून संगणकाच्या जागी मोबाइल एसएमएस वापरला गेला, आणि तेच काम कमी खर्चात होऊ लागलं. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘अक्षय’ने वेगळी वाट धरली: आधी प्रत्येक कुटुंबातल्या किमान एकाला संगणक शिकवायचा, मग त्याच केंद्रांतून सेवा द्यायच्या. दोन्हीकडे एकच प्रश्न निर्णायक ठरतो, केंद्र चालवणाऱ्याचं पोट त्यावर भरतं का. नाही भरलं तर कुलूप लागतं.

१२. ग्रामीण भागासाठी कंपन्यांकडून निधी घेतला जातो. तो जातो कुठे?

अनेक देशांत असा सार्वत्रिक सेवा निधी आहे. चिलीने १९९४ मध्ये त्याचा हुशारीने वापर केला: दुर्गम गावात टेलिफोन बसवायला जी कंपनी सर्वांत कमी अनुदान मागेल तिला काम. भारतात हा निधी २००२ मध्ये आला. त्यातूनच ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारा भारतनेट प्रकल्प चालतो. मंजुरी २०११ ची आणि लक्ष्य सुमारे अडीच लाख पंचायतींचं. पण ठरलेल्या मुदती पुन्हा पुन्हा पुढे गेल्या. शिवाय पंचायतीच्या इमारतीपर्यंत पोचलेली फायबर तिथल्या खोक्यात बंद राहिली, तर गावाला तिचा उपयोग नाही. बऱ्याच देशांत हा निधी वर्षानुवर्षं पडून राहतो किंवा सर्वसाधारण तिजोरीत मिसळतो. तुमच्या भागातल्या खर्चाचा तपशील माहितीच्या अधिकारात मागता येतो, आणि मागावा.

१३. एखादी कंपनी गरिबांना फुकट इंटरनेट देत असेल तर विरोध कशाला?

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर सरळ नाही. फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’मध्ये निवडक संकेतस्थळं फुकट होती, बाकीचं इंटरनेट नाही. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भारताच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मजकुरानुसार डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी घातली आणि ती योजना भारतात बंद झाली. इतर अनेक देशांत ती चालू राहिली. ‘काहीच नसण्यापेक्षा थोडं बरं’ हा युक्तिवाद मला समजतो. पण काय बघायचं हे गरिबाच्या वतीने कंपनीने ठरवावं, हे मला पटत नाही. रोज ठरावीक डेटा फुकट द्या, तो कुठे वापरायचा ते माणूस ठरवेल. हा पर्याय तेव्हाही होता.

१४. सरकारी सेवा ऑनलाइन झाल्याने भ्रष्टाचार कमी होतो. मग तक्रार कसली?

ऑनलाइन सेवेबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती दुसरं दार बंद करण्याबद्दल. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा.

मे २०२१ मध्ये भारतात १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण सुरू झालं तेव्हा कोविन पोर्टलवर आधी नोंदणी करणं सक्तीचं होतं. ज्यांचे फोन चांगले आणि बोटं चपळ, त्यांना वेळ मिळाली. शहरातले लोक गाडी काढून खेड्यातल्या केंद्रांवर लस घेऊन आले आणि त्या खेड्यातले लोक बघत राहिले. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या या डिजिटल दरीवर बोट ठेवलं. थेट केंद्रावरची नोंदणी हळूहळू खुली झाली. पण पहिल्या आठवड्यांतल्या रांगेत कोण मागे राहिलं, ते परत भरून येत नाही.

रेशनवर अंगठ्याचा ठसा जुळत नाही, कारण आयुष्यभर राबून हाताच्या रेषा झिजलेल्या असतात. पेन्शनचा ओटीपी मुलाच्या फोनवर जातो आणि मुलगा परगावी असतो. अशा वेळी यंत्र ‘नाही’ म्हणतं आणि समोरचा माणूस हात वर करतो. जोवर सगळे ऑनलाइन आलेले नाहीत तोवर प्रत्येक सेवेला माणूस बसलेली एक खिडकी हवी, आणि त्या खिडकीवरच्या माणसाला निर्णय घ्यायचा अधिकार हवा.

१५. आधी पाणी, दवाखाने, रस्ते. इंटरनेट नंतर आलं तर चालणार नाही का?

निवड खरोखर यांच्यातच असेल तर पाणी आधी, यात वाद नाही. पण दवाखान्यात औषध आलं की नाही, रस्त्याचं बिल कुणी उचललं, टँकरचा अर्ज कुठे करायचा हे सगळं आता ऑनलाइनच कळतं. माहिती नसलेल्या गावाच्या वाट्याला पाणीही उशिरा येतं.

१६. उपग्रहांवरून इंटरनेट आलं आहे. आता टॉवर-केबलची गरज संपली का?

नाही. सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणारे नवे उपग्रह जुन्या ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहांपेक्षा खूप जलद सेवा देतात. डोंगराळ भाग, बेटं, आपत्तीचा काळ यांसाठी ते वरदान आहेत. पण यंत्रसंच एका गरीब घराला परवडणारा नाही, आणि एका भागातले ग्राहक वाढले की वेग वाटला जातो. शाळा, आरोग्य केंद्र किंवा पंचायत यांनी एक संच घेऊन वायफायने गावाला देणं हा व्यवहार्य उपयोग आहे. प्रश्न ३ मधले अडथळे उपग्रहाने सुटत नाहीत, कारण ते आकाशातले नाहीत.

१७. गावाला स्वतःचं नेटवर्क उभारता येतं का?

येतं. मेक्सिकोच्या ओहाका राज्यातल्या तालेआ दे कास्त्रो या डोंगरातल्या गावाकडे कंपन्या फिरकत नव्हत्या. २०१३ मध्ये गावाने स्वतःचं मोबाइल नेटवर्क उभं केलं, आणि २०१६ मध्ये अशा आदिवासी गावांच्या संघटनेला रीतसर परवाना मिळाला. तांत्रिक भाग शिकता येतो. खरी अडचण मोबाइल ज्यावर चालतो त्या रेडिओलहरींच्या (स्पेक्ट्रमच्या) परवान्याची असते, कारण तो बहुतेक देशांत लिलावाने मोठ्या कंपन्यांनाच मिळतो.

१८. सरकारने इंटरनेट बंद केलं किंवा त्यावर कर लावला, तर ती डिजिटल दरी म्हणायची का?

म्हणायला हवी. फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. पैसेवाला दुसरीकडे जाऊ शकतो, घरची वायर्ड लाइन वापरू शकतो. युगांडाने जुलै २०१८ पासून व्हॉट्सॲप-फेसबुक वापरायला रोज २०० शिलिंग कर लावला. वापरणाऱ्यांची संख्या घटली, आणि २०२१ मध्ये तो काढून डेटावर १२ टक्के कर आला. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये इंटरनेट बंद झालं, आणि ४जी सगळीकडे परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. मधल्या काळात देशभर शाळा ऑनलाइन होत्या आणि तिथली मुलं २जीवर धडपडत होती. प्रश्न ५ मध्ये ज्या म्यानमारचं उदाहरण दिलं, तिथेही २०२१ च्या लष्करी उठावानंतर मोबाइल इंटरनेट तोडलं गेलं. स्वस्त सिम हातात होतं, नेटवर्क नव्हतं.

१९. अपंग व्यक्तींचा मुद्दा यात येतो का?

येतो, आणि बहुधा विसरला जातो. डोळे मिचकावून ‘जिवंत’ असल्याचा पुरावा मागणारी केवायसी दृष्टिहीन किंवा ॲसिडहल्ल्यातून वाचलेली व्यक्ती कशी पूर्ण करणार? ३० एप्रिल २०२५ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं आणि ही प्रक्रिया सुलभ करण्याचे निर्देश दिले.

२०. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे दरी कमी होईल की वाढेल?

बोलून काम करता आलं तर वाचता न येणाऱ्याला मोठा आधार मिळेल, ही आशा खरी आहे. पण ही यंत्रं ज्या भाषांत भरपूर मजकूर आहे त्यांत चांगली चालतात. म्हणजे प्रश्न ९ मधली विषमता इथे पुन्हा उभी राहते. ती हटवायची तर छोट्या भाषांतला मजकूर आणि आवाज आत्तापासून जमवावा लागेल, तो बोलणाऱ्यांच्या संमतीने आणि त्यांना मोबदला देऊन.

२१. आमच्या आजोबांना सगळं घेऊन दिलं, पण त्यांना ऑनलाइन यायचंच नाही. हीसुद्धा दरी का?

त्यांना खरंच नको असेल तर नाही. मात्र ‘नको’ म्हणणाऱ्यांतले कित्येक जण प्रत्यक्षात ‘जमणार नाही’ किंवा ‘फसवतील’ असं म्हणत असतात. म्हणून एकदा निवांत, घाई न करता, त्यांच्याच कामाची एखादी गोष्ट त्यांच्याच हाताने करून घ्या, फोन हातातून काढून न घेता. त्यानंतरही नको म्हणाले तर विषय सोडा. त्यांच्यासाठी वेगळी योजना लागत नाही. प्रश्न १४ मधली खिडकी चालू असेल तर त्यांचं कुठलंही काम अडायचं कारण नाही.